उंबरवाडीचं नाव

निफाडजवळच्या उंबरवाडीच्या कुसाबाईनं आपली लेक सुला नदीपलीकडे दिली होती. नदीला पूल नव्हता. नागपंचमीला गावच्या लेकी माहेरी येऊन झोके घ्यायच्या, आणि सुला मात्र पुराच्या पलीकडून नुसता पदर हलवायची.

अठ्ठ्याहत्तर साली आमदारांनी पुलाचा प्रश्न विधानसभेत मांडला. गावच्या चौघांना पास काढून दिले, त्यात कुसाबाईही होती. वरच्या गॅलरीत बसवताना शिपायानं बजावलं, “इथं फक्त ऐकायचं.” पण खाली आमदारांनी ‘उंबरवाडी’ म्हटलं मात्र, कुसाबाई ताडकन उभी राहिली. ग्रामसभेत नाव पुकारलं की उठून बोलायचं, एवढीच रीत तिला ठाऊक.

“आलोय जी आम्ही! लेकीला पंचमीला आणायचीय, तेवढा पूल द्या!”

सगळ्या माना वर वळल्या. शिपायांनी चौघांनाही बाहेर काढलं. मंत्री उत्तराला उठले होते. ते उत्तर दारापलीकडेच राहिलं. घरी येईस्तोवर सोबतचे तिघे तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत.

वर्षं गेली, पूल काही आला नाही. अधिवेशन लागलं की कुसाबाई ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं जाऊन बसायची. बातम्यांत उंबरवाडी कधीच आली नाही.

एकदा खंडेराव सरपंचांनी गमतीनं विचारलं, “मावशे, पुन्हा काढायचा का पास?”

तिनं पलीकडच्या काठाकडं पाहिलं.

“काढ बाबा. या खेपेला तोंडात पदर कोंबून बसते. पर तो मंत्री काय म्हनला, तेवढं ऐकू दे मला.”