पैलवानाच्या पुड्या

औषध निरीक्षकाने दुकानातल्या तराजूच्या पेटीभोवती सुतळी दोनदा फिरवली, गाठ मारली आणि लाख वितळवायला काडी ओढली. काडी विझली. दुसरीही विझली.

“पंखा बंद करा साहेब,” औषधवाल्या काकू म्हणाल्या. “सील करायला आलात, दुकान पेटवून जाऊ नका.”

तो हसला नाही. वयाने काकूंच्या मुलाएवढा असेल. त्याने स्वतः उठून पंखा बंद केला, आणि मग लाखेचा लाल थेंब बरोबर गाठीवर पडला.

काउंटरच्या अलीकडे पोराची आई त्याला कडेवर घेऊन उभी होती. काकू पोराला पैलवान म्हणत. दहा महिने पूर्ण झाले तरी काट्यावर तो निम्म्या वयाच्या बाळाएवढा भरायचा, म्हणून. त्याच्या हृदयाला छिद्र होतं. वजन वाढलं की ऑपरेशन, आणि तोवर सकाळ-संध्याकाळ औषध. ते औषध यायचं मोठ्या माणसांच्या गोळीत. काकू गोळी खलात घोटायच्या, दुधाच्या साखरेत मिसळायच्या आणि तोलून त्याच्या मापाच्या पुड्या बांधायच्या. घरच्या पुड्या संपत आल्या होत्या, म्हणून ती आज आली होती.

“म्हणजे आता पुड्या मिळणार नाहीत?”

“दुकानात बनवायच्या नाहीत,” निरीक्षक म्हणाला. “लहान मुलांसाठी तयार बाटली येते ना. कारखान्यातली, तपासलेली.”

“येते की!” काकू म्हणाल्या. “बर्फात बसून येते, राणीसाहेबांसारखी. आज मागवली तर पुढच्या आठवड्यात उगवणार. आणि जाताना हिच्या नवऱ्याचा अर्धा पगार घेऊन जाणार.”

“किंमत मी ठरवत नाही, बाई.” त्याने कागद घडी करून बॅगेत ठेवला. “दुसऱ्या गावात तीन मुलं दगावली. पुडीत औषध जास्त पडलं होतं. त्यानंतर हा नियम आला. उद्या इथे तसं झालं तर कोणाला विचारायचं?”

“आणि औषधच नाही मिळालं तर...” ती म्हणाली. तिने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तेवढ्यात पैलवानाने हात लांब करून निरीक्षकाच्या खिशातलं पेन पकडलं.

निरीक्षक त्याची बोटं एकेक करून सोडवू लागला. नखं निळसर होती. शेवटच्या बोटाशी तो थोडा जास्त वेळ थांबला.

“घरी आईने स्वतःच्या मुलासाठी केलं,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “तर नियम आड येत नाही. नियम दुकानासाठी आहे.”

आपण काय बोललो ते मागाहून ऐकू आल्यासारखा तो चपापला. मग बॅग उचलून, पेन पोराच्याच हातात ठेवून, पायऱ्या उतरून गेला.

काकूंनी पंखा पुन्हा लावला.

“दुपारी दुकान बंद करून येते तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “घरात काच आहे का? चांगली सपाट?”

काच होती ती लग्नाच्या फोटोवरची. तिने चौकट उघडून ती काढली, उकळत्या पाण्याने धुतली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. काकूंनी येताना खल आणला होता. तो टेबलावर ठेवून त्या खुर्ची जरा मागे ओढून बसल्या.

“मी औषधाला हात लावणार नाही. माझा हात लागला की ती दुकानातली पुडी. परवाना गेला तर बाकीच्या लोकांनी औषधं कुठून आणायची?”

ती गोळी घोटू लागली.

“अगं, राग कोणावर काढतेयस? हलक्या हाताने. गोल गोल.”

भुकटी साखरेत मिसळून झाली. काकूंनी सांगितलं तशी तिने ती काचेवर पट्टीने सरळ, एकसारखी पसरली. मग सुरीने मधोमध रेघ. अर्ध्याचं अर्धं, पुन्हा त्याचं अर्धं. तिचा श्वास भुकटीवर पडू नये म्हणून ती मान वळवून श्वास घेत होती.

“कडेची वाटणी बघ,” काकू म्हणाल्या.

“सारखीच तर आहे.”

“फेक ते सगळं. दुसरी गोळी घे.”

“सगळं?”

“सगळं.”

दुसऱ्या वेळी काकूंनी मान डोलावली. ती कागदाच्या घड्या घालायला लागली, तशी तिची जीभही सैल झाली.

“तुमच्यासारखं माणूस असताना हा नियम हवाच कशाला होता? तो तिकडचा कोणी बेफिकीर असणार. त्याच्यापायी तुम्हाला शिक्षा.”

काकू पदराच्या टोकाने चष्मा पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

“बेफिकीर नव्हता तो,” त्या म्हणाल्या. “आम्ही बरोबर शिकलो. खलाला भेग आहे का ते भिंगातून बघायचा. भिंगोजी म्हणायचो आम्ही त्याला. अशी पुडी बांधायला मला त्यानेच शिकवलं.”

तिची घडी अर्धवट राहिली.

“मग चुकलं कसं?”

“ते त्यालाही ठाऊक नाही. चुकतो गं एखाद्या दिवशी हात.”

ती काचेकडे बघत राहिली. पांढरे ढीग. मघाशी सारखे होते. आता एक मोठा वाटला, मग दुसराच.

उन्हं कलली, तसा पैलवान कुरकुरत जागा झाला. औषधाची वेळ झाली होती. तिने त्याला मांडीवर घेतलं आणि फळीवरचा डबा उघडला. आत काकूंच्या हातची शेवटची पुडी होती. तिने ती उचलली.

“ती राहू दे,” काकू म्हणाल्या.

“का?”

“आज तुझी दे. मी इथे आहे तोवर.”

दोघींची नजरानजर झाली. तिने डबा बंद केला, टेबलावरची एक पुडी उघडली आणि चमचाभर पाण्यात भुकटी विरघळवली. तिने चमचा त्याच्या तोंडाला लावला. पोराने तोंड वेडंवाकडं केलं आणि गिळलं.

“चहा ठेवू?” तिने विचारलं.

“नको. बस.”

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. पोराच्या अंगातलं झबलं वर सरकवून त्यांनी त्याची छाती उघडी केली. दोघी त्या एवढ्याशा, वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत बसल्या, आणि कितीतरी वेळ कोणी दिवा लावायला उठलं नाही.