सॉकेटमधला बर्फ

मोनोंक आल्सिदनी घातच केला होता. सिनेटर थॅक्स्टरबाई घर पाहायला येणार म्हणून त्यांनी पहाटेच केरोसीनचा हीटर पूर्ण चढवून ठेवला. आमच्या खोऱ्यात पाहुण्याला गारठ्यात बसवत नाहीत. मोनोंक म्हणजे आमच्या इथल्या फ्रेंचमध्ये काका; सगळं गाव त्यांना तसंच म्हणतं.

गरिबांच्या घरांच्या फटी बुजवून भिंतींत ऊबदार भरण घालायला मिळणाऱ्या निधीवर बाईंच्या समितीत लवकरच मतदान होतं. बाईंचं अजून ठरत नव्हतं. निधी गेला, तर मोनोंकना हाही हिवाळा असाच काढावा लागणार होता.

बाईंनी लोणी लावलेली कुट्टूची धिरडी चवीने खाल्ली. घर छान ऊबदार आहे, खरंच मदत लागते का, असं त्यांनी विचारलं.

“भागतं की माझं,” मोनोंक म्हणाले. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मग मी हीटर बंद केला आणि दारात कापडी चौकट ताणून तिच्यातला मोठा पंखा लावला. तो घरातली हवा बाहेर खेचतो. बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत शिरते. फटी शोधणं हेच माझं काम; अशी बरीच घरं मी तपासली होती. काय होणार ते मला आकड्यांत माहीत होतं.

खिडक्यांवर चिकटवलेलं प्लॅस्टिक शिडासारखं फुगलं. मग टीव्हीमागच्या सॉकेटमधून बारीक पांढरी भुकटी येऊ लागली. बर्फ! वादळाने भिंतीच्या पोकळीत भरलेला. उन्हाच्या तिरिपेत तो चमकत, गिरक्या घेत खोलीभर पसरला. आकड्यांत हे कुठेच नव्हतं. मीसुद्धा नुसती बघत राहिले.

मोनोंकनी सॉकेटपुढे तळहात धरला.

“मला वाटायचं, म्हातारा झालोय म्हणून थंडी वाजते.”

“माझं मत तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “पण समितीतल्या बाकीच्यांना हे तुम्ही येऊन सांगायचं.”

“आत्ताच तर भागतं म्हणालो. आता कुठल्या तोंडाने सांगू?”

“तेही सांगा. आधी काय म्हणालात आणि मग काय पाहिलंत.”

मोनोंकनी मान डोलावली. आपल्या एकुलत्या सूटचं बटण पोटावर लागत नाही, बाईंनी समितीला तेवढं आधी कळवावं, असं त्यांनी बजावलं. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

“थांब, पोरी. अजून जरा पाहू दे.”