आकडे नसलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि मला आकडे नाहीत. नवखा माणूस मला उचलतो, उलटापालटा करून बघतो आणि विचारतो, "अरे, पण दाबायचं काय?" काहीच दाबायचं नसतं. मला नुसतं उचललं की कॉलेजच्या फाटकाजवळच्या कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते आणि तिथल्या मॅडम म्हणतात, "बोला, काय झालं?" माझा रंग लाल, डोक्यावर पत्र्याची टोपी आणि मुक्काम ग्रंथालय व मैदान यांच्यामधल्या खांबावर. चोरी, मारामारी, आग, अपघात, काहीही झालं तरी माझ्याकडे धाव घ्यायची, यासाठी मला इथे बसवलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाईंनी माझ्यात "हॅलो, हॅलो" म्हणून बघितलं आणि "हा चालतोय" म्हणाल्या, एवढंच. तेव्हापासून माणसांचे आवाज ऐकायची जी चटक लागली ती लागलीच. माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. पण नशिबी आल्या अर्ध्या गोष्टी. "प्रयोगशाळेत कसलातरी वास येतोय!" असं कुणी ओरडतं, मला खाडकन आपटतं आणि पळतं. पुढे काय झालं? वास कशाचा होता? मला कोण सांगणार! खांबापाशी झाडांना पाणी घालणारे माळीकाका येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतात, त्यातून मला शेवट कळतात. तो वास एका सरांनी सुट्टीआधी विसरलेल्या जेवणाच्या डब्याचा होता, हे समजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. माणूस घाबरला की आपण कुठे उभे आहोत हेच आधी विसरतो. "लवकर या!" "कुठे?" "इथे!" "इथे म्हणजे?" "अहो, इथेच की!" शेवटी मॅडमनी भांडून आवारातल्या प्रत्येक फोनच्या खांबासाठी कंट्रोल रूममध्ये एक दिवा बसवून घेतला. आता मला उचललं की त्यांच्यासमोर 'खांब चार' उजळतं. कोण बोलतंय हे मात्र दिसत नाही. एकदा माझ्यामुळे सायकलचोर रंगेहाथ सापडला, तेव्हा प्राचार्यांनी भाषणात मॅडमचं, रखवालदारांचं आणि चक्क माझंही कौतुक केलं. मी दोन दिवस हवेत होतो.

मग खिशाखिशांत मोबाईल आले. माझ्यावर धूळ बसली, अंगावर शिकवण्यांच्या जाहिराती चिकटल्या, टोपीत चिमण्यांनी काड्या भरल्या. मला वाटलं, संपलं आपलं. अशातच ती यायला लागली.

भर दुपारी, सगळे तासांना बसलेले असताना, एक मुलगी यायची आणि मला उचलायची. मॅडम म्हणायच्या, "बोला." ती श्वास घ्यायची, सोडायची आणि मला ठेवून द्यायची. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. मी तिचं नाव ठेवलं घुमी.

ही कोण असेल? माझं डोकं नुसतं भणभणून गेलं. टवाळखोर म्हणावं, तर हसू दाबणाऱ्यांचा हात थरथरतो, ते मला लगेच कळतं. हिचा हात घामाने ओला असायचा. वाट चुकली म्हणावं, तर पाय बरोब्बर माझ्याकडे वळायचे. आणि सगळ्यांत मोठं कोडं म्हणजे तिच्या दुसऱ्या हातात चांगला नवाकोरा मोबाईल असायचा! मग माझ्यासारख्या धुळकट म्हाताऱ्याकडे का? कोडं सोडवता सोडवता मी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागलो.

माझं हे लाडकं कोडं साहेबांना मात्र डोकेदुखी वाटत होतं. सुरक्षा विभागाचे ते प्रमुख. एके दिवशी स्वतः आले, मला उचललं आणि मॅडमना म्हणाले, "या चार नंबरवरून नुसत्या फुकटच्या घंटा येतात. काढून टाकतो."

"साहेब, कुणीतरी परत परत उचलतंय, म्हणजे काहीतरी सांगायचं असणार," मॅडम म्हणाल्या.

"सांगायचं असेल तर तोंड उघडेल की! पोरांचे चाळे आहेत सगळे."

"थोडे दिवस राहू द्या ना."

"बघू," असं म्हणून त्यांनी मला ठेवलं. साहेबांच्या 'बघू'चा अर्थ सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे.

क्रीडादिनाच्या दुपारी वायरमन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर झाला. मैदानावर लाऊडस्पीकर कोकलत होता. माळीकाकांनी पाण्याची नळी बाजूला ठेवली. "काय रे, याचाही नंबर लागला?"

"वरून हुकूम आहे, काका."

त्याने माझे चारातले दोन स्क्रू काढले आणि तेवढ्यात घुमी धावत आली. एक बॅग तिच्या खांद्यावर होती आणि दुसरी तिने छातीशी धरली होती. "दादा, थांबा! चालू आहे का हा?" वायरमन "अजून आहे" म्हणेपर्यंत तिने मला उचललंसुद्धा.

"बोला, काय झालं?"

पुन्हा तोच श्वास. मी मनात म्हटलं, बोल गं बाई, आज तरी बोल! मला बोलता येत असतं तर मीच बोललो असतो.

"हे बघ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बोलवत नसेल तर नको बोलूस. फक्त फोन ठेवू नकोस. मी इथेच आहे."

तेव्हा तिचा बांध फुटला. "एक मुलगी कोंडलीय. पहिल्या वर्षाची आहे. तिला दमा आहे हो. तिचा पंप या बॅगेत आहे आणि बॅग माझ्याकडे आहे. माझं नाव..."

"नाव नंतर. आधी जागा."

"मैदानाच्या पायऱ्यांमागे, खेळाच्या सामानाची खोली. बाहेरून कुलूप आहे, चावी त्यांच्याकडे आहे. मी हाक मारली. आधी ती दार वाजवत होती. आता वाजवत नाहीये."

"माणसं निघाली, डॉक्टरांनाही पाठवते. तू पंप घेऊन दाराशी पळ. आत ऐकू जाईल असं बोलत राहा. जवळ मोठं कुणी आहे?"

जवळचे मोठे कधीच पळत सुटले होते. "कुलूप तोडायला कोण बसतंय, कडीच काढतो!" असं ओरडत वायरमन पुढे आणि धापा टाकत माळीकाका मागे. घुमीही मला टाकून धावली.

मी वायरला लोंबकळत राहिलो. लाऊडस्पीकर लांब उडीचा निकाल सांगत होता, टाळ्या वाजत होत्या. मॅडम पलीकडून "हॅलो? हॅलो?" करत होत्या. आयुष्यात इतक्या गोष्टी अर्ध्या राहिल्या, पण ही अर्धी राहिली असती तर मला सोसवलं नसतं. त्या दिवशी मला खरोखर भीती वाटली.

बऱ्याच वेळाने वायरमन परत आला. शर्ट घामाने चिंब. त्याने मला उचललं. "मॅडम, उघडलं दार. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, बोलता येत नव्हतं तिला. पंप घेतला. डॉक्टर आलेत. आता बरी आहे."



वायरमनने मला जागेवर ठेवलं, खिशातून माझे दोन्ही स्क्रू काढले आणि परत घट्ट पिळून बसवले. "कुणी विचारलंच," तो माळीकाकांना म्हणाला, "तर सांगा, बाकीचे स्क्रू गंजलेत. निघत नाहीत."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या पहिल्या वर्षाच्या मुलीने वरच्या वर्गातल्या काहीजणींच्या प्रयोगवह्या पूर्ण करून द्यायला नकार दिला होता. गेले दोन महिने त्या तिला छळत होत्या. त्यांची म्होरकी क्रीडा-सचिव, त्यामुळे खोलीची चावी तिच्याकडेच. चौकशीत तिने साळसूदपणे सांगितलं, "खोली रिकामी वाटली म्हणून कुलूप लावलं." कोंडलेली मुलगी इतकी भेदरली होती की ती कुणाचंच नाव घेईना. पंप पोचवून घुमी गर्दीतून कधीच निसटली होती. साहेबांनी वायरमनला विचारलं, "फोन करणारी कोण होती?" तो म्हणाला, "मी स्क्रूकडे बघत होतो साहेब, तोंडाकडे नाही." पाहणारी कुणी पुढे आली नाही, तर सगळं गैरसमज म्हणून मिटणार होतं आणि ती मुलगी कॉलेज सोडून घरी जाणार होती. तिने सामान बांधायला घेतलंय, असं माळीकाका सांगत होते.

हे ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी घुमी आली. मला उचललं.

"बोला."

तिने मला एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतलं.

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या.

"त्या दिवशी फोन मी केला होता. त्यांनी बॅग तिच्या खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, 'धर जरा.' मी धरली. कुलूप लावताना मी तिथेच होते. आधीही खूपदा सांगायला आले होते. मोबाईलवरून केला असता तर माझा नंबर कळला असता, म्हणून... आता लिहून घ्या."

"कुणाचं नाव लिहू?"

"आधी माझं लिहा." तिने स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट, स्पष्ट. मग म्होरकीचं नाव सांगितलं. "ती माझी मावसबहीण आहे. आम्ही एकाच घरात वाढलोय. मावशी माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, माहीत नाही."

"पुन्हा एकदा विचार करायचाय?"

"नको. लिहिलंत ना?"

"लिहिलं, बाळ."

ती दोन नावं मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. ज्यांना सांगायची त्यांना सांगून झाली. पहिल्या वर्षाच्या मुलीचं सामान पुन्हा कपाटात गेलं. मावशी बोलली की नाही, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

आता माझं म्हातारपण आहे. माझ्यावरची धूळ पुसाल तर बरं वाटेल. गंमत म्हणून मला उचलू नका, आणि 'कुणीतरी फोन केला असेल' असं समजून माझ्यासमोरून निघून जाऊ नका. जास्त चौकशा करू नयेत असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात, पण माझं एक ऐका. दुसऱ्या कुणाची बॅग तुमच्या हातात देऊन कुणी "धर जरा" म्हणालं, तर धरायच्या आधी विचारा, जिची ही बॅग आहे, ती कुठे आहे?