घाटाखाली अडवलेली जीप

वाईच्या ख्रिस्ती मंडळीत याकोब रविवारी उपासनेला ढोलकी वाजवायचा आणि बाकीचे दिवस पाचगणीच्या शाळांत मुलं पोचवायचा. सोमवारी सकाळी त्याच मंडळीतल्या बयाबाई नातीला त्याच्या जीपमध्ये बसवायला गेल्या, तर त्याच्या तोंडाचा दारूचा भपकारा आला.

असा वास त्यांना मागच्या आठवड्यातही आला होता. पण याकोबला विचारायचं सोडून त्यांनी ती गोष्ट महिला मंडळात सांगितली होती.

जीप भरली होती. समोर पसरणीचा घाट. बयाबाईंनी नातीला खाली उतरवलं. मग त्यांनी बाकीच्या लेकरांकडं बघितलं. ‘प्रभू, माझी जीभ सांभाळ,’ असं मनात म्हणत त्या जीपपुढं उभ्या राहिल्या.

“मावशी, सरका. उशीर हुतोय.”

“याकोबा, खाली उतर. तू प्यालायस.”

“रातची हाय ती. आता काय न्हाई.”

त्यानं हॉर्न दाबला. गाडी पुढं सरकली आणि बंपर त्यांच्या लुगड्याला टेकला.

“मंडळीत माझी बदनामी केली तुमी! तेवढ्यानं भागलं न्हाई?”

“व्हय, केली,” बयाबाई म्हणाल्या. “तुला सोडून बायकांना सांगितलं. ते माझं पाप. माफ कर मला. पण ही गाडी घाट चढायची न्हाई.”

याकोबनं इंजिन बंद केलं.

“लोकांना कळलं तर धंदा बसंल माझा.”

“कळायलाच पायजे. तूच सांग. मी शेजारी उभी राहते.”

बयाबाईंनी फोन लावले तसे पालक जमले. त्यातल्या नाथाजी फौजीनं याकोबची कॉलरच धरली. बयाबाई मधे शिरल्या. “मारू नका. त्याला बोलू द्या.”

“मी प्यालोय,” याकोब मान खाली घालून म्हणाला. “रोजच पितो.”

शिव्या देत लोक मुलांना घेऊन गेले. रस्त्याकडेला बसून दोघांनी प्रार्थना केली. याकोब नुसता रडला.

दुपारी बयाबाई त्याला घेऊन एसटीनं सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्राकडं निघाल्या. कराडच्या स्टँडवर तो एकदम उठला.

“मावशी, मी उतरतो.”

“तुला धरून ठिवणार न्हाई रं,” त्या म्हणाल्या. “पण तू बसलास, तर शेवटापर्यंत येते.”

कंडक्टरनं घंटी मारली. याकोब दाराकडं बघत उभाच होता. गाडी हलली, तसा तो त्यांच्याशेजारी खाली बसला.