लिदीची सोडत

मित्रांनो, नाक धरायचे असेल तर आत्ताच धरा. मी तबेल्यात लीद वाहणारी एक जुनी, एकचाकी ढकलगाडी आहे. पण मला जी किळस आली, ती लिदीची नव्हे. लीद बिचारी सज्जन. गवत खाल्ले, गवताचेच काहीतरी झाले, त्यात लाजण्यासारखे काय? मला किळस आली ती माणसांच्या कल्पनांची. त्या डोक्यातून कुठेही पडतात आणि उचलायला कोणी गाडी ठेवत नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या अंगणात झाला. पाण्याची फुटकी टाकी कापून त्याने माझे पोट केले आणि मोडक्या शिडीचे दांडे लावले. चाक कुठून आणले ते त्याने कधी सांगितले नाही. पण उतार दिसला की ते आपोआप धावत सुटे, त्यावरून ते आधी एखाद्या पळपुट्या सरदाराच्या बग्गीला असावे, असा माझा अंदाज आहे. पहिल्याच दिवशी मी एवढी लीद उचलली की डोंगर कुठे निघालाय ते पाहायला फाटकाबाहेर गर्दी जमली. खोटे वाटत असेल तर त्या लोकांना विचारा. आता त्यांतले कोणी हयात नाही, हा काही माझा दोष नव्हे.

या तबेल्यात मुलांचा घोडेस्वारीचा संघ आहे. त्यांना शिकवतात ते उस्ताद. आयुष्यभर घोड्यावर बसून त्यांचे पाय इतके बाकदार झालेत की मधून कुत्रे मान न वाकवता पलीकडे जाते. त्यांचा कायदा एकच. लीद पडली की ज्याला दिसली त्याने हातातले काम टाकून ती उचलायची. घोड्यावर बसला असाल तर खाली उतरायचे. ताप आला असेल तर तापासकट यायचे. "वाफ जायच्या आत गाडीत!" अशी त्यांची आरोळी आली की मुले विचार न करता फावडे घेऊन धावत. झोपेत आरोळी ऐकून एका मुलाने आजोबांचे उपरणे उचलून बादलीत टाकले होते म्हणतात.

मुलांत सगळ्यांत चपळ ती टाचणी. ती संघाची कप्तान. अंगाने किरकोळ, पण टोचायची मात्र नावाप्रमाणे. आणि घोड्यांत सगळ्यांत म्हातारी ती आत्या. राखाडी रंगाची घोडी, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया. संघातले प्रत्येक पोर तिच्याच पाठीवर बसायला शिकले. टाचणीही.

यंदा मोठी स्पर्धा दूरच्या शहरात होती. घोडे न्यायला ट्रक हवा होता. टाचणीचे हे लहान गटातले शेवटचे वर्ष, पुढच्या वर्षी तिचे वय बसणार नव्हते. म्हणून तिची सख्खी काकू, जी संघाच्या समितीची प्रमुख होती, तिने पदर खोचला. या काकूला सगळे आयडियाकाकू म्हणत. समितीने ठरवले की वर्गणी जमली तर ठीक, नाही जमली तर आत्याला विकून ट्रक करायचा. फिरायला आलेल्या लोकांना भाड्याने घोडे देणारा एक दलाल येऊन आत्याचे दात बघूनही गेला. जाताना तो माझ्यात थुंकला. मित्रांनो, माझ्या पोटात आयुष्यभर काय काय पडले, पण मला आंघोळ करावीशी वाटली ती त्या दिवशी.

मग काकूच्या कल्पना सुरू झाल्या. आधी 'घोडीला पापी द्या, फोटो काढून घ्या'. ओठ रंगवलेल्या बायका आणि पान खाल्लेले पुरुष रांगेत उभे राहिले. संध्याकाळी आत्याचे नाक असे दिसत होते की जणू कोणी तिला जॅममध्ये बुडवले. ती शिंकली तेव्हा पहिल्या रांगेतल्या तिघांचे चष्मे शेजारच्या गल्लीत सापडले. मग 'खऱ्या शेपटीचे कडे'. तिच्या शेपटीचे केस उपटून कडी विणली आणि विकली. माश्यांना एवढा आनंद झाला की त्या पाहुण्यांना घेऊन आल्या.

"काकू, तिला माश्या हाकलता येत नाहीत गं," टाचणी म्हणाली.

"अगं, तिच्यासाठीच चाललंय ना हे सगळं! जरा सोसू दे की."

जिच्यासाठी करायचे तिलाच सोसायला लावायचे, हे मला आजवर समजलेले नाही.

तरी जमेना. तेव्हा काकूला लिदीची सोडत सुचली. मैदानावर चुन्याने चौकोन आखायचे, एकेक चौकोन लोकांना विकायचा, मग आत्याला मोकळी सोडायची. ती ज्याच्या चौकोनात लीद टाकेल त्याला बक्षीस, उरलेले पैसे संघाला. मला सोनेरी रंग फासला, अत्तर शिंपडले आणि शोभेला कडेला उभे केले. अत्तर आणि जुनी लीद यांचा जो वास झाला, त्याने एक कावळा उडता उडता खाली पडला.

लोक मात्र लोटले. आणि मित्रांनो, काय ती प्रतिष्ठित माणसे! दातांचे डॉक्टर आपल्या चौकोनात गाजर धरून बसले. शाळेचे मुख्याध्यापक ओणवे होऊन "ये बाळ, ये, इथं कर" म्हणत होते. बँकेचे साहेब तर घोडीला उत्साह यावा म्हणून स्वतःच कुंथून दाखवत होते. एका म्हाताऱ्या घोडीच्या शेपटीखाली एवढे सुशिक्षित डोळे लागलेले पाहून मला माझ्या जातभाईंची, म्हणजे सगळ्या कचरापेट्यांची, दया आली. आत्या एकदा सगळ्यांकडे बघून मान हलवून चालत राहिली.

शेवटी तिने शेपटी उचलली. धप्प!

आणि त्याच क्षणी टाचणी माझे दांडे धरून पळत सुटली. फावडे खाली, फावडे वर, लीद माझ्यात, झाडूचा एक फटका, चुनाही साफ. वाफ अजून निघत होती.

"उचलली, उस्ताद!" ती सवयीने ओरडली. मग तिने सभोवार पाहिले आणि तिचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"टाचणे! अगं, केलंस काय हे!" काकू किंचाळली.

"लीद पडली काकू. उचलली."

"ती लीद नव्हती गं बाई, ती सोडत होती!"

उस्ताद तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग काय, कुठल्या चौकोनात पडली यावर जुंपली. डॉक्टर माझ्यात डोकावून वास घेत म्हणाले, "याला गाजराचा वास आहे, माझीच आहे!" साहेब म्हणाले, "घोडीला परत खायला घाला, पुन्हा सोडत काढू." खरा चौकोन कोणाचा ते मला पक्के ठाऊक आहे. तोच गृहस्थ सगळ्यांत मोठ्याने पैसे परत मागत होता. प्रत्येकाने आपापले पैसे परत नेले, एकाने तर न आवडलेल्या सरबताचेही.

दुसऱ्या दिवशी दलाल दोरी घेऊन हजर. त्याने दोरी आत्याच्या गळ्यात घातली. टाचणी मध्ये उभी राहिली.

"काकू, ट्रक कशाला हवाय?"

"वेडी का तू? स्पर्धेला जायला."

"मी नाही जात. ट्रक नको, मग विकायलाही नको."

"अगं, तुझं शेवटचं वर्ष! पुढं घेणार नाहीत तुला."

"माहितीये."

मागे दोन मुले रुसली, एक रडले. पण कप्तानाच्या या म्हणण्याला 'नाही' कोणी म्हटले नाही. काकूच्या तोंडून पहिल्यांदाच एकही कल्पना निघाली नाही. उस्तादांनी आत्याच्या गळ्यातली दोरी काढली, नीट गुंडाळली आणि दलालाच्या हातात दिली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारपर्यंत टाचणी एकटीच तबेला झाडत राहिली. मग तिने एका नव्या, इवल्याशा मुलीला आत्यावर बसवले. पोरगी थोडे पुढे गेली आणि घसरून थेट खुरांजवळ पडली. आत्याने उचललेला पाय हवेत तसाच धरला. म्हातारे गुडघे थरथरत होते, पण पोरगी बाजूला होईपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही. टाचणीने पोरीला उठवले आणि आत्याच्या मानेत तोंड खुपसले.

मित्रांनो, मी आजवर पुष्कळ थापा मारल्या, पण हे मी या डोळ्यांनी, म्हणजे या गंजलेल्या भोकांनी, पाहिले आहे. ज्याच्या पाठीवर तुम्ही शिकलात, त्याला विकून पुढे जायचे असेल, तर जिथे पोहोचाल तिथे नाक धरूनच उभे राहावे लागेल. तेव्हा माझे एवढे ऐका. घोड्यावरून उतरलात की आधी त्याला पाणी द्या, मग आपले बूट काढा. बुटांना तहान लागत नाही.