सगळ्यात भारी औषध

आमच्या ह्यांना अख्खा बाजार डाक्तर म्हणतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि औषधाचं दुकान. पण खरा डाक्तर नदीपार, मग करता काय! कुणी पोर कडेवर घेऊन आलं की हे विचारायचे, "साधं देऊ की पावरवालं?" पावरवालं म्हणजे अँटिबायोटिक. साधं कोण मागतंय?

आमच्या नातीला, झिनुकला, तर फुकटच. शिंकली, की बाटली. दात येताना जुलाब झाले, बाटली. मुलगा ओमानला उन्हात राबतो. त्याला हे फोनवर छाती फुगवून सांगायचे, "तुझ्या लेकीला दुकानातलं सगळ्यात भारी देतो, तू निर्धास्त राहा!" सून मोर्शेदा ऐकून खूश. सासरा असावा तर असा.

यंदाच्या थंडीत झिनुकच्या छातीत कफ भरला. ह्यांनी होतं नव्हतं ते सगळं दिलं, पण ताप हटेना. शेवटी शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डाक्तरणीनं विचारलं, "आधी काय काय दिलंय?" हे भडाभडा नावं सांगत सुटले.

"चाचा," ती म्हणाली, "आमच्याकडेही हीच औषधं आहेत. हिच्या अंगातले जंतू आता त्यांना जुमानत नाहीत. शिंकेला कशाला द्यायचं हे?"

एक औषध ढाक्याहून यायचं होतं. ते आलं, तोवर झिनुक गेली. माझी गोड पोर, नवा फ्रॉक न घालताच गेली.

पुन्हा दुकान उघडलं तेव्हा हे बदलले होते. सर्दीचं पोर आलं की सांगायचे, "पाणी पाजा, ऊब द्या, आपोआप जाईल." लोकांना ते पटेना. शेजारची रेहाना तोंडावर म्हणाली, "नातीला भारी माल, आणि आमच्या पोरांना पाणी होय?" जीभ झडो तिची! गिऱ्हाईक समोरच्या नव्या दुकानात जाऊ लागलं.

मग झिनुकचा धाकटा भाऊ, शिमुल, त्याचं नाक वाहायला लागलं. ताप नाही, काही नाही, दूध नीट पितोय. ओमानहून मुलाचा रडत फोन, "अब्बा, ह्या वेळी उशीर करू नका!"

मोर्शेदा पोराला घेऊन थेट दुकानात. हे औषधांच्या फळीसमोर आडवे उभे राहिले.

"सूनबाई, नुसतं नाक वाहतंय गं. डाक्तरीण काय म्हणाली, ऐकलंस ना?"

"ती काय, स्वतःचं झाकायला काहीही बोलेल. माझी लेक औषध कमी पडून गेली."

"कमी नाही गं पडलं! माझ्या हातानं जास्त झालं!" सासरा असून ह्यांनी तिच्यापुढं हात जोडले. मी तिचा दंड धरला, "पोरी, ऐक त्यांचं." तिनं झटक्यात हात सोडवला.

"एक गेली. ह्याला पण बिनऔषधाचा मारू?"

एवढं बोलून ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. तिथं कुणी काही विचारलं नाही. पावरवाल्या भुकटीच्या बाटलीत पाणी घातलं, हलवली, दिली हातात. तिनं तिथंच उभ्या उभ्या चमचा भरला.

आम्ही दोघं इकडून बघत होतो. औषध गोड असतं. शिमुलनं चमचा चाटूनपुसून घेतला आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.