पाहुण्यांपुढे सांडलेली अंगाई

विश्वासाने सोपवलेली ठेव तुमच्या हातून थोडी थोडी सांडली, तर मालकिणीच्या नजरेला नजर द्याल? मला ते जमलं नाही.

मी किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या एका प्रयोगशाळेतली बोटभर कुपी आहे. जिपार एजे, म्हणजे जिपारताई, तान्ही असताना तिच्या आईने तिच्यासाठी एक अंगाई रचली होती. आई गेली. मागे राहिली एक झिजलेली टेप. इथला संशोधक सामात, त्याने त्या आवाजाचे आकडे केले, ते आकडे डीएनएच्या चार अक्षरांत लिहिले, आणि त्या अक्षरांचे असंख्य सूक्ष्म धागे थेंबभर पाण्यात घालून मला दिले.

"हजार वर्षं टिकेल, एजे!" तो जिपारला म्हणाला. मी किती फुगले होते तेव्हा! टेप पुढे तुटली, पण कोणी हळहळलं नाही.

सामातची प्रयोगशाळाही घरासारखीच. पाहुणा रिकाम्या कानांनी जाता कामा नये. गाणं वाचायचं तर माझ्यातला थोडा अंश काढावा लागतो, आणि तो परत येत नाही. म्हणून आधी धाग्यांच्या प्रती काढायच्या असतात. पण पाहुणे तळलेले बोरसोक खात वाट बघत असायचे.

त्याची मदतनीस आयदाय त्याला आदराने 'बायके' म्हणत टोकायची, "बायके, पाहुण्यांना चहा पाजा, हिला कशाला उपसता?"

"अगं, प्रती काढीपर्यंत ते उठून जातील! काय म्हणतील?"

गाणं ऐकवून झालं की तो संगणकातूनही पुसून टाकायचा. "बघा, आता फक्त या कुपीत आहे!" टाळ्या पडायच्या. मला त्या आवडायच्या, हे कबूल करते.

मग जिपार एजे आली. दुसऱ्या दिवशी तिच्या नातवाला पाळण्यात घालायचं होतं. "आईचं गाणं दे रे, मधल्या ओळी विसरलेय."

सामातने माझा तळ खरवडला. गाणं सुरू झालं, तुटलं, पुन्हा सुरू झालं. शेवटच्या ओळीत आई तिचं नाव घ्यायची. तिथे नुसती शांतता होती.

"माझं नाव कुठे गेलं?" तिने विचारलं.

"पाहुण्यांना वाटून टाकलं, एजे," सामात खाली बघत म्हणाला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला उजेडात धरलं, डोक्याच्या रुमालाने पुसलं आणि जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिपार एजेने पाळण्याशी अंगाई म्हटली, आणि जिथे माझ्याकडे काही उरलं नव्हतं तिथे नातवाचं नाव घातलं.